वास घेणारी

वस्ती ला पालमिता, ओल्गीन
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय नेलो,

हिरडी भरून आली आहे. गेलेला दात डावीकडचा, मागचा. हसताना दिसत नाही, आणि हल्ली मी हसते तरी किती. तेव्हा दाताचं मनाला लावून घेऊ नकोस. घरी आल्यावर मी त्या दिवसाची नोंद वहीत केली आणि लिहिताना एका शब्दाशी अडले. तू मला मारलंस, की दाराच्या चौकटीवर मूठ आपटायला गेलास आणि ती माझ्यावर आली? मी चौकटीपासून वीतभर दूर उभी होते. शेवटी 'मूठ लागली' एवढंच लिहिलं. पुढे काय सांगायचं आहे त्यावर या एका वितीचा फार परिणाम आहे, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते आहे.

लिसांद्रा माझ्याकडेच आहे. बरी आहे, अकरावा आठवडा चालू आहे, सकाळी उलट्या होतात आणि दुपारी दोन माणसांचं जेवते. तांदूळ संपत आले की मला चिडवते, आत्या, हे तुझ्या भावाचं नातवंड आहे, त्याच्या नावाने आणखी मागून घे. तिच्या डोळ्याखालची सूज उतरली. ती आली त्या दिवशी तिला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला होता. तुझ्या मेव्हण्यांनी, एलियादेस आणि विल्बेर्तोने, तुला होड्यांच्या शेडमध्ये खांबाला बांधलं, खाऱ्या पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि वल्ह्याने मारलं, हे तिने मला दारात उभी राहूनच सांगितलं. ती मध्ये पडली तेव्हा वल्ह्याचा दांडा तिला लागला. तुझं गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला म्हणे. आणि तू हसत होतास. "ओता अजून, दारुड्याला धुवायलाच हवं," असं म्हणत होतास. मग आत येऊन बसल्यावर, पाणी प्यायल्यावर, ती हळूच म्हणाली, "आत्या, बाबांच्या बाटलीत चहा असतो."

तिने चाखून पाहिला होता, नेलो. थंड, बिनसाखरेचा चहा. आणि सकाळी घराबाहेर पडण्याआधी तू शर्टाच्या कॉलरवर आणि बाह्यांवर रम शिंपडतोस, इतर पुरुष अत्तर लावतात तशी, हे तिने खिडकीतून पाहिलं आहे. तू आयुष्यात कधी प्यायला नाहीस. बारशाला नाही, लग्नाला नाही. डिग्नाने तुझ्याशी लग्न केलं ते त्याचसाठी, हे तिनेच मला सांगितलं होतं. आणि आता तीच डिग्ना भावांना सांगते की याला घरात घेऊ नका.

तुझी मुलगी ओल्गीनला आली ती पळून नव्हे. तिला तपासून घ्यायचं आहे. इथे ज्या डॉक्टरबाई चाल बिघडवणारा हा आजार पाहतात त्यांचं नाव मिरेया. वय साठीच्या आसपास, हात सतत कोरडे, बोलताना घाई नाही. त्यांनी लिसांद्राला पहिल्याच भेटीत विचारलं, तुझे वडील समुद्राकडे बघत असतील आणि तू बाजूने हाक मारलीस, तर आधी काय वळतं, डोळे की मान? लिसांद्रा म्हणाली, मान. मी शेजारी बसले होते. आपल्या वडिलांचं, पापांचंही तसंच होतं. मुलं त्यांना घुबड म्हणायची, आठवतं? आपल्याला वाटायचं मानेत उसण भरली आहे. डॉक्टर मिरेया म्हणाल्या की या आजारात डोळे सुस्त होतात, एका वस्तूवरून दुसरीवर उडी मारत नाहीत, सरपटत जातात. म्हणून माणूस मान वळवून नजरेला ओढत नेतो. पाय अडखळायच्याही आधी ते दिसू लागतं.

मी प्रश्न विचारून त्यांना भंडावलं. तुला माझी सवय माहीत आहे, शिक्षिकेची खोड. मेंदूच्या मागच्या बाजूला एक छोटा मेंदू असतो, तो हाताला आणि पायाला अंतर शिकवतो. किती उचलायचं, कुठे थांबायचं. तो वर्षानुवर्षं झिजत जातो. हात वस्तूपाशी थांबत नाही, पुढे जातो. पावलं फाकतात. जीभ जड होते. पुढे गिळणंही जमत नाही. हा आजार आईकडून नाहीतर बापाकडून मुलाकडे येतो, येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. आणि बापाकडून आला तर बहुधा बापाला आला त्याहून लवकर येतो. मी विचारलं, दारू प्यायलेल्या माणसात आणि यात फरक कसा ओळखायचा? त्या म्हणाल्या, बाई, दारुडा सकाळी सरळ चालतो.

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

आता मुद्द्याचं. लिसांद्राचं रक्त तपासता येतं, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या घरात या आजाराला कुणी कधी नावच दिलं नाही. पापांच्या कागदावर मृत्यूचं कारण काय लिहिलं होतं ते तुला माहीत नसेल, तू तेव्हा इथे नव्हतास: दारूचं जुनं व्यसन. अशा घरातल्या मुलीचं रक्त स्वच्छ निघालं तरी त्याचा अर्थ एवढाच की एक नेमका दोष तिच्यात नाही. पण घरात होता तो दोष तोच होता की दुसरा, हे कसं कळणार? आधी ज्याला आजार आहे त्याचं रक्त हवं. म्हणजे तुझं. ते मिळालं की तिला खरं उत्तर मिळेल, आणि तिच्यात दोष निघालाच तर सोळाव्या आठवड्याला गर्भाभोवतीचं पाणी तपासता येईल. पुढे काय करायचं ते ती आणि तिचा नवरा ठरवतील, त्यात मी पडणार नाही, तूही पडू नकोस. पण तुझ्या रक्ताचं उत्तर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. महिनाअखेरीपर्यंत तू आला नाहीस तर तिला काहीही न कळता ते मूल जन्माला घालावं लागेल किंवा काहीही न कळता नाकारावं लागेल.

हेच सांगायला मी तुझ्याकडे पुएर्तो पाद्रेला आले होते. तू मला बोलूच दिलं नाहीस. 'आजार' हा शब्द तोंडातून निघाला मात्र, तुला बांधणाऱ्यांशीच खेळत होतास ते डॉमिनोचं टेबल तू धडधाकट हाताने उलथवलंस. सोंगट्या अंगणभर. एलियादेस खदखदून हसला, ताई, तुमचा भाऊ हरायला लागला की असंच करतो, म्हणाला. तू माझे केस धरून मला दारापर्यंत नेलंस आणि म्हणालास, "पापा दारुडा होता. मी दारुडा आहे. अजून काय हवंय तुला?" आणि मग ती मूठ.

परतताना बसमध्ये तोंडात रुमाल धरून मी या वाक्याचा विचार करत होते. तू ते रागाने नाही म्हणालास. विनवणीच्या सुरात म्हणालास. तीस वर्षं मला तुझं जे समजलं नव्हतं ते तेव्हा समजलं असं वाटतं. चुकत असेन तर सांग. तू दारुडा ठरलास तर पापाही दारुडेच ठरतात. आणि ते दारुडे असतील तर त्या दुपारी तुझा कोयता चालला तो रास्तच होता. पण तुला आजार असेल, तर त्यांनाही आजार होता. मग त्या दुपारी अंगणात कोण पडलं होतं? हा प्रश्न पडू नये म्हणून तू हाड मोडून घेतोस.

म्हणून ती दुपार मला लिहून काढायची आहे, सगळी. तुला नको असेल तर पुढची पानं डिग्नाला दाखवू नकोस, पण तू वाच.

चौऱ्याण्णवचा जानेवारी. खायला काही नव्हतं. साखरपाणी पिऊन माणसं ऊस तोडायला जात होती, आणि कारखान्यातून चोरलेल्या मळीची दारू घरोघरी गाळली जात होती. ती पिऊन वस्तीतले दोघं आंधळे झाले, एक मेला. म्हणून मुकादम निवार्दोने तो नियम काढला. सकाळी कोयते वाटण्याआधी प्रत्येकाने ऊसगाडीच्या रुळावर दहा पावलं चालून दाखवायची. पडला त्याला कोयता नाही, आणि कोयता नाही त्याला त्या दिवसाचं जेवण नाही. तू डोळे मिटून वीस पावलं चालायचास, परत फिरायचास आणि टोळीला वाकून नमस्कार करायचास. पोरी बघायला यायच्या. पापा चौथ्या पावलाला पडले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या. माणसं म्हणायची, रेइनेरिओ, कारखान्याची सगळी मळी तूच प्यायलास तर साखर कशाची करायची? पापाही हसायचे. त्यांना काय होतंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते रोज पहाटे उठून अंगणात दोरी टाकून तिच्यावर चालायचा सराव करायचे, हे मी एकटीने पाहिलं आहे, आणि हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

घरोघरी दुसरा नियम होता, बायकांचा. पुरुष दारात आला की घरातल्या एका पोराने त्याचं तोंड हुंगायचं. खोटं बोलायचं नाही, बापाला घाबरायचं नाही. ज्या घरात पोराने 'आहे' म्हटलं तिथे दार बंद. आपल्या घरात ते काम अकराव्या वर्षापासून माझ्याकडे होतं, कारण आई म्हणायची, हिचं नाक कुत्र्याचं आहे. पोराचा शब्द टोळीतसुद्धा चालायचा. भांडण झालं की मुकादम विचारायचा, घरचं पोर काय म्हणतंय?

चौदा तारखेला पापांनी तुझ्यासमोर हात जोडले. तीन दिवस त्यांना जेवण मिळालं नव्हतं. तू निवार्दोपुढे छाती ठोकून सांगितलंस, माझा बाप प्यायलेला नाही, त्याला नुसती भूक लागली आहे, मी जबाबदार. आणि तुझ्या कमरेचा दुसरा कोयता त्यांना दिलास. त्या वेळी सगळ्या वस्तीत त्यांच्यावर विश्वास ठेवणारा तू एकटा होतास, ही गोष्ट कुणी बोलत नाही. तूही नाही.

युक्लिदेस त्यांच्या शेजारच्या ओळीत होता. तोडणीआधी जाळून काळा केलेला ऊस, घामात काजळी, दहा वाजताचं ऊन. पापांनी बुंध्यावर वार केला, कोयता बुंध्यापाशी थांबला नाही, पुढे गेला. युक्लिदेसची दोन बोटं उसाच्या पाचटात पडली. या आठवड्यात मी त्याला भेटायला गेले होते. आता म्हातारा झाला आहे, ओसरीवर बसलेला असतो. मी आजाराचं सांगितलं तर त्याने तो हात वर धरला. म्हणाला, तीन बोटांत सिगार धरता येते, डॉमिनो खेळता येतो, फक्त शपथ घेताना लोक हसतात. मग म्हणाला, "पोरी, मी ओरडलो होतो त्याला. त्याने ऐकलं. पण त्याची मान वळेपर्यंत कोयता आला होता." तीस वर्षं त्याला हे माहीत होतं. कुणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही.

ती बारा माणसं आपल्या अंगणात आली तेव्हा सगळ्यांच्या हातात कोयते होते आणि काहींच्या सदऱ्यांवर युक्लिदेसचं रक्त. पापा पायरीवर बसले होते. हात हलू नयेत म्हणून ते त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. आई दारात आडवी उभी. कुणीतरी तिला ढकलून दिलं, ती तुळशीच्या झुडपांत पडली. कुणी म्हणालं, याचीही दोन घ्या. कुणी म्हणालं, दोन कशाला. तू सगळ्यांच्या मागे होतास, चेहरा पांढरा. तू शब्द दिला होतास, आणि आता ते तुझ्याकडेही वळून बघत होते. तेव्हा निवार्दो म्हणाला, "थांबा. पोरीला वास घेऊ द्या."

मी पुढे गेले. पापांनी माझ्याकडे पाहिलं. आधी मान वळली, मग डोळे आले. लहान मूल औषधासाठी उघडतं तसं त्यांनी तोंड उघडलं. मी वास घेतला. मी बोलले ते सगळ्यांनी ऐकलं.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तू कुठून पाहिलंस ते मला ठाऊक नाही, म्हणून मी पाहिलं ते लिहिते. तू माणसं बाजूला सारत आलास. कोयत्याची पाठ जबड्यावर बसली तेव्हा ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. ते पायरीवरून खाली आले. मग बरगड्या, मग गुडघा, मग पुन्हा बरगड्या. त्यांना मारायला आलेल्या माणसांनाच तुला धरावं लागलं. निवार्दोने तुझ्या हातातला कोयता हिसकावला तेव्हा त्याचा तळवा कापला. पापा ओरडले नाहीत. ते जमिनीवर पडल्या पडल्या मान फिरवून तुला शोधत होते. तू त्याच दिवशी घर सोडून गेलास.

त्यानंतरचं तुला कुणी सांगितलं नसावं. त्यांचं बोलणं तोंडातच अडकू लागलं, सगळे म्हणाले जबडा वाकडा बसला. सव्वादोन वर्षांनी ते भाताच्या पेजेचा घास अडकून गेले, आणि मला खात्री आहे की ती बातमी कळल्यापासून तू तो घासही स्वतःच्या नावावर मांडला आहेस. मी डॉक्टर मिरेयांना हे विचारलं, आडून नाही, सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, वाणी आणि गिळणं दोन्ही या आजारातच जातं, जबडा शाबूत असता तरी गेलं असतं. तुला बरं वाटावं म्हणून हे मी वाढवून सांगत नाही. बरगड्या तीन मोडल्या होत्या आणि त्या तूच मोडल्या होत्यास. तेवढंच तुझं आहे. घास तुझा नाही.

आता जे राहिलं ते. सोबत माझ्या त्या वर्षीच्या वहीतलं एक पान फाडून ठेवलं आहे. वही फाडायची नाही हा माझा नियम तू जाणतोस. पानावर तारीख आहे, चौदा जानेवारी, आणि दोनच ओळी: 'तोंडाला साखरपाण्याचा वास होता. मी रम म्हणाले.' रमचा थेंबसुद्धा नव्हता, नेलो. माझं नाक चुकलं नाही. का म्हणाले, यावर मी तीस वर्षांत कितीतरी पानं लिहिली आणि प्रत्येक कारण पुढच्या पानावर खोडलं. आदल्या दिवशी ते शाळेच्या पटांगणात, सगळ्या वर्गांसमोर पडले होते आणि मुली त्यांच्यासारखं चालून दाखवत होत्या, हे एक. आणि मी 'नाही' म्हणाले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, मग याला झालंय तरी काय; त्या प्रश्नाची मला बारा कोयत्यांपेक्षा जास्त भीती वाटली, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींनी भागत नाही. 'नाही' म्हणाले असते तर कदाचित निवार्दोने माणसं परत नेली असती, कदाचित नसती नेली. पण तू मारलं नसतंस. तुला ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं. तू एका दारुड्याला मारलंस, कारण अंगणात ज्याचा शब्द चालत होता त्या पोरीने तुला तसं सांगितलं. तेव्हा तुला दारुडा राहायची गरज नाही. ते खोटं माझं होतं, मी ते परत घेते आहे, आणि लिसांद्राला काल रात्री सगळं सांगितलं आहे. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. डॉक्टर मिरेया बुधवारी सकाळी आठपासून असतात, दंडातून एक नळी रक्त घेतात, पाच मिनिटांचं काम आहे. शर्ट धुतलेला घालून ये. रक्त देऊन झालं की तोच हात माझ्यावर उचलायचा असेल तर उचल. या खेपेला मी चौकटीजवळून हलणार नाही आणि वहीत काय लिहायचं याचा विचारही करणार नाही. पण आधी ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
इडालमिस